न पिळलेली लोकर

त्या संध्याकाळी मी आणि बायकोनं कांद्याच्या सालीच्या रंगात लोकरीची लड बुडवून ठेवली. मोजे विणून विकायचा धंदा तिचा. मी नुसता पातेली उचलायचो.

"सकाळी तुमीच काढा," ती म्हणाली. "पन पिळू नका. धोतर न्हाई ते."

मी दर वेळी पिळायचो आणि लोकर आवळून जाड व्हायची, म्हणून हा टोमणा.

झोपेतच ती गेली. सकाळी घर माणसांनी भरलं. मी पातेल्यापाशी गेलो, तर बहीण म्हणाली, "दादा, आता कशाला हे?"

"तिनं सांगितलंय," मी म्हणालो.

लड उचलली आणि न पिळता दोरीवर टाकली. हात पिवळे झाले. तसल्याच हातांनी तिला खांदा दिला.