आडपडद्यापलीकडचं हसू

ओल्या लाकडाच्या धुरानं डोळे चुरचुरले की मला अमरावतीचा तंबूतला तो सिनेमा आठवतो. आमची वांग्या-मेथीची वाडी होती, आणि बाजारात नेसून जायला आईजवळ एकच धड लुगडं होतं. मी मॅट्रिक झाले होते. पुढे कॉलेजात पाठवावं की नाही, हे बाबांचं ठरत नव्हतं. पोरींच्या शिकण्यावरून तेव्हा घरोघरी वाद होते, आणि सिनेमा त्याचीच टिंगल करणारा होता, म्हणून धाकट्या काकानं मुद्दाम सगळ्यांना नेलं. तंबूत बायका आणि पुरुषांमध्ये कापडाचा आडपडदा होता. चष्मेवाल्या शिकलेल्या बायकोनं भाकरी जाळली तेव्हा पलीकडे पुरुष खो खो हसले. मग तिचा नवरा चुलीपुढे फुंकणी घेऊन खोकायला लागला, तेव्हा अलीकडे बायका हसल्या. आई तर पदरानं डोळे पुसत हसली. बाहेर येताच काका म्हणाला, "पाह्यलं ना वयनी? शिकेल पोरीपायी काय हाल होते!" आई म्हणाली, "हाल तं नवऱ्याचे झाले, भाऊजी. तिचं काय बिघडलं?" बाबा भर रस्त्यात हसत सुटले. "खरं बोलून राह्यली ही," म्हणाले. त्याच उन्हाळ्याअखेर त्यांनी माझं नाव कॉलेजात घातलं. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी झाले.