इंजिनाचं तेल आणि माझी वेणी

आमच्या घरात मला तेलचोर म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात हे नाव पडलं. ठेवणारी माणसं गेली, नाव तेवढं राहिलं.

आमचं गाव प्रकाशाजवळ, तापीच्या काठावर. तेव्हा अजून मुंबई राज्य होतं. त्या वर्षी घरात दोन नव्या वस्तू आल्या: मी, आणि केळीला पाणी ओढायचं डिझेल इंजिन. मान इंजिनाचा मोठा. त्याला पेढे वाटले, मला गूळ! मोट ओढणारे आमचे बैल, लाख्या आणि कोश्या, मात्र शहाद्याच्या बाजारात विकले गेले. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, बैल पोचवून परत आले, दावी खुंटीला टांगली आणि बोलायचेच थांबले. (सासूबाई म्हणाल्या, आधी तरी काय बोलत होते!)

चैत्रात इंजिन तेल खायला लागलं. डिझेल नव्हे, आतल्या लोखंडाला लागतं ते वंगणाचं जाड तेल. डबा आणावा आणि बघता बघता तळ दिसावा! धूर असा निळा की पलीकडच्या शेतातून लोक ओरडत, "काय भाऊ, तुमनी होळी आजून चालू शे का?" माझा नवरा हसत नव्हता. इंजिन बसलं की केळी वाळणार, आणि मोटेला बैल तर उरले नव्हते.

शहाद्याचा फिटर आला. त्याने इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, चहा प्याला. मग तेल बघायची काडी आत बुडवली. तेल खुणेच्या कितीतरी वर!

"काडीच खोटी शे," तो म्हणाला.

"आन् धूर?" नवऱ्याने विचारलं.

"धूर काय, निंघी जाई."

फिटर निघून गेला, धूर राहिला.

मग सासूबाईंनी तपास हाती घेतला. "मशीन कितलं तेल पी? घरमाच चोर शे. हिन्ही येनी देखा, कशी चमकस!" आणि शेजारणींसमोर वाकून त्यांनी माझ्या डोक्याचा वास घेतला!

"ते तेल लावू तर मन्ह्या जटा व्हतीन!" मी म्हटलं.

"मंग वास कसाना ये ऱ्हायना?"

"खोबरेलना."

"खोबरेल कोठून उनं?"

म्हणजे दुसरी चोरी! मी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्या वेणीकडे बघत होता.

त्या दिवसापासून मी डोक्याला तेल लावलं नाही. केसांच्या वाळक्या तुराट्या झाल्या, तरी डबा रिकामा होतच राहिला. तेव्हा ठरवलं, चोर आपणच धरायचा. दुपारी गडीमाणसं भाकरी खायला गेली की इंजिन बंद असे. मी मोठं ढेकूळ घेऊन केळीत दबा धरून बसले. झाकण वाजलं. ढेकूळ उगारून उठले.

आबा होते.

हातात बांबूची नळी. थकलेल्या बैलाला तेल पाजायची, तीच. ती त्यांनी डब्यातून भरून घेतली होती आणि इंजिनाच्या तोंडात हळूहळू रिती करत होते. दुसऱ्या हाताने लोखंड खाजवत होते, बैलाच्या गळ्याखालची पोळी खाजवतात तसं. "पी रे, पी. थकी गया ना?"

मग त्यांना मी दिसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ते माणसाशी बोलले. "दिनभर पानी ओढस बिचारा. त्याले कोन पाजी?"

मला रडायची सवय नाही. मी ढेकूळ खाली ठेवलं. "आबा, पोट फुगनं त्यानं. म्हनीसन धूर टाकस."

त्यांनी नळी चटकन मागे घेतली. "मंग मी काय करू?"

"आंग पुसत जा."

"घरमा सांगशी का, माय?"

"नई."

आतलं जास्तीचं तेल जळून गेलं आणि धूर थांबला. फिटर म्हणाला, "सांगं व्हतं ना, निंघी जाई!" सासूबाई म्हणाल्या, "वास लिधा म्हनीसन चोर भ्यायनी!" मी तोंड उघडलं. ओट्यावर आबा इंजिन पुसायचा गोणपाटाचा तुकडा मांडीवर घेऊन भाकरी खात होते. खरं सांगितलं असतं तर गावाने त्यांना पुढच्या पोळ्याला इंजिनासकट मिरवलं असतं. मी तोंड मिटलं.

आबांनी मरेपर्यंत इंजिन पुसलं. ते गेले त्या दिवशी घरात रडारड चालली होती आणि मी खोपटात इंजिन पुसत होते. सासूबाई मला शोधत तिथे आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आजना दिन तरी तेल सोड वं!"

आता माझ्या डोक्यावर वेणी घालण्याइतके केस नाहीत. तरी नातसून खोबरेलाची बाटली वरच्या फळीवर ठेवते. मी स्टुलावर चढून काढते. नाव लागलंच आहे, तर निदान तेल तरी लावून घ्यावं!