वाळलेले दोडके

शहरातल्या द्वारका चौकाच्या अलीकडे, शाळेच्या भिंतीला लागून अंबूबाईचा अर्ध्या एकराचा मळा आहे. बाई अंगानं काडी, पण आवाज असा की सभेत शेवटच्या रांगेत झोपलेला माणूसही दचकून उठावा. एका दोन ऑक्टोबरला तो अख्ख्या शाळेनं ऐकला.

"कुंपणावरचे माझे दोडके कुठं गेले?"

सातवीची मुलं वस्तीत सफाईला आली होती. वेलावर लोंबणारे तपकिरी, खडखडणारे दोडके त्यांना कचरा वाटले. वेदिकानं तर मोठ्या उत्साहानं वेलच ओढून घंटागाडीत टाकला. गाडी केव्हाच निघून गेली होती.

"आजी, ते सुकले होते..." वेदिका म्हणाली.

"सुकायलाच ठेवले होते! बियाणं होतं ते. माझ्या सासूपासूनचं." अंबूबाई बांधावर मटकन बसली. "आता कुठनं आणू?"

साधनाबाई वर्गशिक्षिका. त्या दुकानातून बी आणून देते म्हणाल्या.

"त्याला ती चव नाय. अन् तुमची सेवा पुरे झाली. पोरं परत पाठवू नका."

चौथ्या दिवशी वेदिका एकटीच कुंपणाशी आली. "आजी, ते बी कधी कुणाला दिलं होतं का?"

अंबूबाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "चांदवडच्या नणंदेला, मैनाला. पण दिलेलं बी माघारी मागत नाय आमच्यात."

"तुम्ही नका मागू. मी मागते. चूक माझीय."

रविवारी साधनाबाई तिला एसटीनं चांदवडला घेऊन गेल्या. मैनाबाईंनी राखेत जपलेलं बी ओंजळभर काढलं आणि हसल्या. "वहिनीनं लय सुनावलं आसंल ना? लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांचं वाजवणं तिच्यापुढं कमी पडलं होतं!"

अंबूबाईनं पुडी घेतली, बी बोटांत फिरवलं. डोळे भरले, पण सूर तोच. "पेरायचं तुम्ही. अन् वाळेपर्यंत यायचं. मधी दांडी नाय."

जूनमध्ये वेदिका आठवीत गेली, तरी आली. येताना नवी सातवी घेऊन आली. बियाण्याचा दोडका कुणी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधायची युक्ती या मुलांचीच. तेव्हापासून दरवर्षी जुनी सातवी नव्या सातवीला मळा दाखवते.

यंदा सहावं वर्ष. पाहुणे आले म्हणून अंबूबाईनं एका कोवळ्या दोडक्याला हात घातला.

"आजी, हात खाली!" सातवीतली संजना ओरडली. "चिंधी दिसत नाही का?"

"अगं, मळा माझाय!"

"मळा तुमचा. बी सगळ्यांचं."

अंबूबाईनं हात मागे घेतला. पाहुण्यांना मेथी वाढली.