खडूच्या रेघेमागे

टाकळकर सरांच्या ओसरीवर खडूची एक रेघ असायची. भिंतीवर चित्र टांगलेलं आणि त्याच्यापासून बरोबर बारा फुटांवर ही रेघ. बारा फूट मी टेप लावून मोजलेत. जमीनमोजणीच्या नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पाहुणा रेघ ओलांडून चित्राला नाक लावायला निघाला, की सर खेकसायचे, "मागं सरका!" मग तो व्याही असो की तहसीलदार. काकू रोज सकाळी ओसरी पुसायच्या आणि सर रोज रेघ नव्याने मारायचे.

सर आमच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. देवगाव फाट्याकडून गावात शिरलं की पहिलं घर त्यांचं, दुसरं माझं. शेजारी राहायला आलो तेव्हा मीही चित्राला नाक लावून पाहिलं होतं. जवळून नुसते रंगाचे फटकारे. एकालाही कड नाही.

"सर, यात शेत कुठं संपतं आणि नदी कुठं सुरू होते?" मी विचारलं.

"साखळीवाले, हद्द तुमच्या नकाशात. सकाळी सातला दुधनेच्या काठी मला एक तरी हद्द दाखवा, मी चहा सोडतो."

जमीन मोजायच्या साखळीवरून तेव्हापासून मी 'साखळीवाले' झालो. रेघेमागे उभं राहिल्यावर मात्र त्या फटकाऱ्यांचं पाणी झालं, पाण्यावर ऊन आलं. ते कसं झालं, हे मला आजही सांगता येणार नाही.

शिकलेले लोक या पद्धतीला इम्प्रेशनिस्ट म्हणतात. सर म्हणत, "नाव काय बी द्या. मी वस्तू काढत न्हाई. वस्तूवर पडलेला उजेड काढतो." त्यासाठी ते एकच जागा पुन्हा पुन्हा काढायचे. ज्वारी निघाली की बाबारावांच्या शेतात कडब्याच्या गंजी लागत. सर उजाडताच मोपेडला चित्राचा स्टँड बांधून तिथं हजर. पण बैल काही चित्र पुरं व्हायची वाट बघत नाहीत. गंज रोज थोडी थोडी कमी व्हायची आणि सर बांधावरून ओरडायचे, "बाबाराव, आजच्याला पलीकडल्या गंजीचं काढा की!"

"आन् तिथं तुमी उद्या बसले म्हंजी? बैलायनी काय तुमचा कलर खायचा का?"

असं म्हणायचे खरं, पण दरवर्षी कडेची एक गंज बाबाराव शेवटपर्यंत राखायचे. "ही सरची हाय," असं गड्याला बजावून ठेवायचे. चित्रातलं आपल्याला काही कळतं, असा दावा त्यांनी कधी केला नाही.

निवृत्तीनंतर सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. परभणीला ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी घरी येताना मी बरोबर होतो. पाथरी रोडला जीपच्या खिडकीतून ते लहान मुलासारखे बघत होते. एकदम माझा दंड धरून म्हणाले, "साखळीवाले, निळा परत आला! इतकी वर्षं मी चहाच्या पाण्यातून बघायलो व्हतो आन् मला कुणी सांगितलं न्हाई."

त्या वर्षी त्यांनी बाबारावांची गंज काढली, तीही दारभर मोठ्या कॅनव्हासवर. गंजीची लांब सावली कडक निळी, तिच्या कडेला जांभळा आणि मधोमध कुठंतरी भगव्याचा एकच ठिपका. असं चित्र त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. विकणार का, असं कुणीतरी विचारलं. "हे शाळेचं," म्हणाले. शाळेचं नवं सभागृह होत होतं. तिथं सर्वांना मागं उभं राहायला भरपूर जागा होती, हे त्यांचं कारण.

आता पुढचं मी रागाने लिहितो आहे आणि राग उतरायची वाट बघणार नाही.

उद्घाटनाला पाहुण्यांनी पडदा ओढला. गंजीतल्या कडब्याच्या ताटान् ताटाला काळी कड होती. निळ्या सावलीवर काळा रंग फासला होता. धुक्यात दिसे न दिसेशा बैलांना डोळे आले होते, डोळ्यांना पापण्या. सरांनी मोकळ्या ठेवलेल्या आभाळात सूर्याचे किरण आणि पक्ष्यांची रांग. आणि खाली, पंख्यांवर आणि कपाटांवर घालतात तसं, पांढऱ्या अक्षरांत 'सप्रेम भेट – श्री. टाकळकर सर'.

मुख्याध्यापक सरांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच बसलो होतो. "तुमच्या डोळ्यांचं आम्हाला माहीत होतं, सर. चित्र अर्धं राहिलेलं. सावली तर चुकून निळीच पडलेली. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास? दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून पूर्ण करून घेतलं."

सर उठले. चित्राकडे बघत एवढंच म्हणाले, "नाव काढा."

मुख्याध्यापकांनी माईक ओढला. "बघा, केवढं मोठं मन! सर नावसुद्धा नको म्हणतात!" सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सर अनेकदा शाळेत गेले. दरवेळी चहा मिळाला, त्यांच्या विनयाचं कौतुक झालं. नाव तसंच राहिलं. एका संध्याकाळी मला म्हणाले, "तुमच्या जमिनीला दुसऱ्याचं नाव लागलं तर काय करता?"

"तक्रार."

"आन् दुसऱ्याच्या जमिनीला तुमचं लागलं, आन् लोक हार घालायलेत, तर?"

त्या थंडीत, ब्रश धुता धुता सर गेले. नाव तिथंच होतं.

शोकसभा त्याच सभागृहात, त्याच चित्राखाली. वक्त्यामागून वक्ता त्या बैलांच्या डोळ्यांकडे बोट दाखवून सरांच्या प्रतिभेविषयी बोलला. किती जिवंत, म्हणाले. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठलो. खुर्ची ओढली, वर चढलो आणि खिशातल्या पात्याने ती पांढरी अक्षरं खरवडायला लागलो. कुणीतरी "अहो, अहो" करत धावलं. शेवटचं अक्षर निघाल्यावरच मी खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक जाब विचारायला आले. मी त्यांना घरात घेतलं नाही. सरळ शेजारच्या ओसरीवर नेलं. तिथं त्याच गंजीचं एक लहान चित्र अजून टांगलेलं आहे, निळ्या सावलीचं, कुणाचा हात न लागलेलं. काकू हल्ली ओसरी पुसताना तेवढी रेघ वगळतात. मी मुख्याध्यापकांना रेघेमागे उभं केलं. म्हटलं, बघा.

त्यांनी बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला. चेहऱ्यावरचा रागही उतरला. वाटलं, दिसलं बहुतेक. मग ते दोन पावलं रेघ ओलांडून गेले, चित्राला नाक लावलं आणि मायेने म्हणाले, "हेही राहिलंच की हो अर्धं. काकू, पेंटरला पाठवू का?"

"मागं सरका!" मी ओरडलो.

काकू स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. आवाज कुणाचा, हे त्यांना क्षणभर कळलं नाही.