लालासाहेबांचा लिंब आणि सरकारचं आभाळ

म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीत लालासाहेब पलटणीतून हवालदार होऊन परतले, पण सरकारची चाकरी काही त्यांनी सोडली नाही. फक्त हुद्दा गेला होता. एस.टी. आली नाही, रेशनला परदेशी मिलो ज्वारी आली तीही किडकी, बोअर कोरडी गेली, कशावरही कोणी कुरकुरलं की धनाजीच्या हॉटेलात बसून ते सरकारची बाजू मांडत.

बहात्तरचा दुष्काळ सरून सहा-सात वर्षं झाली होती. एकदा त्यांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली. सरकार उपग्रहांच्या कामाला पैसा देणार होतं.

"आभाळातल्या उपग्रहावरनं जिमिनीवरची जागा कळती," त्यांनी समजावलं. "जहाजाला, इमानाला, पलटणीला."

"आमी कुठं हाय ते आमाला ठावं हाय," धनाजी कपबशा विसळत म्हणाला. "सरकारला न्हाई व्हय?"

"नकाशात वाडी हाय. पर जरा बाजूला सरकल्याली असंल."

"मग पाऊस तिकडंच पडत असंल, नकाशातल्या वाडीत."

सगळं हॉटेल हसलं. लालासाहेब शांतपणे म्हणाले, "देशाचं काम हाय, गड्या. दर येळी आधी माझी घागर भरा म्हणून चालत न्हाई. ज्याचं त्यानं थोडं सोसावं."

हे वाक्य धनाजीनं जपून ठेवलं.

मार्चात मोजणीखात्याची जीप वाडीत आली. साहेब तरुण होते, अदबीनं बोलत. उपग्रहाचे इशारे पकडणारं यंत्र त्यांना मोजणीच्या जुन्या दगडावर बसवायचं होतं. तो दगड लालासाहेबांच्या घरामागच्या उंचवट्यावर होता, आणि त्याला खेटून लालासाहेबांचा कडुलिंब.

"हवालदार, यंत्राला चौफेर मोकळं आभाळ लागतं," साहेब म्हणाले. "झाड काढावं लागेल. भरपाई मागितली तर मंजुरी येईतो मार्च संपेल, आणि मार्च संपला की पैसाही परत जाईल. तुम्ही राजीखुशीनं दिलंत तरच काम होईल."

"जी, साब," लालासाहेब म्हणाले. टाचा आपोआप जुळल्या.

घरी मात्र ते भाकरी ताटात ठेवून मागच्या दारी लिंबाकडं बघत बसले. दुष्काळात वाडी न्हाणं विसरली होती, तेव्हा वाट्याला आलेल्या तांब्या-दोन तांब्यांची आंघोळ ते लिंबाच्या आळ्यात बसून करायचे. तेवढ्यावर झाड जगलं होतं.

"आवं, नगं म्हणून सांगा की सायबाला," बनुबाई म्हणाल्या.

"कोणत्या तोंडानं? लोकांना सोसा म्हणून सांगतोय मी. धनाजी ध्यानात ठिवून हाय."

"मग सांगत जाऊ नगा लोकांना."

सकाळी ते कुऱ्हाड घेऊन लिंबाखाली उभे राहिले. खालच्या वाटेनं धुळा धनगर शेरडं घेऊन चालला होता. खांद्यावर पाला ओरबाडायची लांब आकडी. दर उन्हाळ्यात तो चार डहाळ्या मागायचा आणि लालासाहेब त्याला हाकलायचे. आताही तो सवयीनं शेरडं लांबूनच वळवत होता.

लालासाहेबांनी आकडीकडं पाहिलं, मग लिंबाच्या शेंड्याकडं.

"धुळा, वर ये रं."

"म्या काय केलं न्हाई."

"ये तर. समदा लिंब उतरव. पाला ऱ्हाऊ नगं, डहाळी ऱ्हाऊ नगं. बुंधा तेवढा ठेव."

धुळानं शेरडं थांबवली, तंबाखू मळली. "गेल्या साली एक डहाळी मागितली, तर पोलिसात देतो म्हणालासा."

"आता मी मागतोय की."

"सरकारी काम दिसतंय. मग अर्ज करा. मंजूर झाला तर बघू."

"धुळा, न्हाईतर अख्खं झाड जाईल रं."

लालासाहेबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. धुळानं तंबाखू गालात सारली आणि आकडी उचलली.

दुपारपर्यंत शेरडांची पोटं टम्म झाली आणि लिंबाचा नुसता खराटा उरला. साहेब दगडाजवळ उभे राहून चारी दिशांना पाहत फिरले. "बुंधा तसा आड येत नाही," ते म्हणाले. "चालेल. राहू दे."

यंत्र बसलं, काम झालं, जीप गेली. लालासाहेब पुन्हा बोडक्या लिंबाच्या आळ्यात आंघोळीला बसू लागले. आता आडोसा नव्हता, म्हणून बनुबाईंनी एक जुनं लुगडं बांधून दिलं.

हॉटेलात धनाजीनं चहा पुढं केला. "मग, सापडली का वाडी सरकारला?"

लालासाहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"सापडली," ते म्हणाले. "पर काय बघायचं ते लौकर बघून घ्या म्हणावं. पालवी फुटाय लागलीया."