माघातला अंबाडा

आमच्या कामण गावाहून पहिल्यांदा निघालो तेव्हा आईने माझ्या बॅगेत अंबाड्याच्या लोणच्याची बरणी कोंबली होती. मी वैतागलो. "तेल गळलं तर सगळे शर्ट जातील," म्हणालो. ती म्हणाली, "शर्ट तिकडं मिलतील, अंबाडं नाय मिलनार." बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी बरणी काढून ओट्यावर ठेवली आणि शारजाला निघून आलो, कोल्ड स्टोरेजचा टेक्निशियन म्हणून. मोठा शहाणाच लागून गेलो होतो!

गाववाल्यांनो, तुमच्यातले जे गावातच राहिले, त्यांना आमच्या दारातलं अंबाड्याचं झाड वेगळं सांगायला नको. ऋषीपंचमीच्या भाजीसाठी अर्धा पाडा टोपल्या घेऊन आमच्याकडे यायचा. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना सुकटीच्या कालवणातली ती आंबट फोड आठवत असेल. पोट बिघडलं की लोक झाडाची साल न्यायचे, पण आई कुणाला थेट कोयती लावू द्यायची नाही. आदल्या संध्याकाळी बुंध्याशी चार तांदूळ ठेवायचे, "उद्या साल नेतो रं बाबा" असं झाडाला सांगायचं आणि सकाळी बोटभर काढायची. लहानपणी मी हे हसत हसत कितीदा केलंय. त्या सालीच्या काढ्याने माझे जुलाबही थांबलेत.

इथे माझं काम उणे अठरा डिग्रीत. कॉम्प्रेसर, गॅस, अलार्म, ड्यूटी, मग कॅम्पमधली सहा जणांची खोली. सुट्टी दोन वर्षांतून एकदा, एक महिना, आणि ती मी गणपतीलाच घ्यायचो. त्यामुळे अंबाडा मला कायम हिरवागार, फळांनी लगडलेलाच दिसला. एकाच ऋतूतलं घर बघत राहिलो आणि तेच खरं धरून बसलो.

गेल्या माघात आगाशीची मावशी पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आई तिच्या सेवेला गेली आणि आमच्या घराला कुलूप लागलं. आता आमच्या आजूबाजूला सगळी गोदामंच आहेत. शेजारच्या गोदामात नवीन आलेल्या सुपरवायझरने कुणाकडून तरी माझा नंबर घेऊन मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. "भैया, पेड़ सूख गया है, गाड़ी पे गिरेगा। काट दें?" फोटोत नुसत्या फांद्या. एक पान नाही. मी शिडीवर होतो, हातात ग्लोव्हज. एक ग्लोव्ह दातांनी ओढून काढला आणि लिहिलं, "काट दो."

आईचा फोन तिच्या कमरेलाच असतो. एक कॉल करायचा होता. नाही केला.

अंबाडा थंडीत पानं गाळतो. दर वर्षी. फाल्गुनात त्याला मोहर येतो, मग पालवी. हे मला माहीत होतं हो! त्याच अंगणात मी ती पानं झाडलीत. पण शारजाच्या त्या शिडीवर ते आठवलं नाही, आणि यापेक्षा मोठी शरमेची गोष्ट मला माझ्याबद्दल सांगता येत नाही. त्या लोकांनी जेसीबी लावून झाड मुळासकट काढलं. तिथे आता ट्रक वळतात.

आई परतली आणि तिने फोन केला. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पानं गालून उभा व्हता रं तो. मेला नव्हता." मग म्हणाली, "त्याला नाय तर नाय, मना तरी इचारायचा व्हता."

या गणपतीत घरी गेलो. ऋषीपंचमीला कुणीच आलं नाही. आईने बाजारातून विकतची चिंच आणून भाजी केली. मी जेवायला बसलो. माफी मागितली तर "जेव गुमान" एवढंच म्हणाली. महिनाभर ती माझ्याशी नीट बोलली, वेळेवर चहा दिला, कपडे धुतले, पाहुण्याचं करावं तसं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

घर म्हणजे काय, असं इथली पोरं कधी कधी बोलत बसतात. मी त्यात पडत नाही. माझं घर पत्त्यावर अजून आहे, पण तिथलं काही ठरवायचा हक्क मी माझ्याच बोटाने पुसला.

निघायच्या दिवशी आईने माझी बॅग स्वतः दारापर्यंत आणली. वय झालंय तिचं, हल्ली धाप लागते. चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या मी अशी पडून रायले ना, तर कोनी फोटो धाडंल तुला. फोटो बघून काय सांगू नको. ये, हात लावून बघ, मग बोल."

मी "हो" म्हणालो. पुढची सुट्टी दोन वर्षांनी आहे, हे तिलाही ठाऊक होतं.