झाडाच्या आधी डोळे

ब्रशचं टोक ते ओठांनी नीट करायचे. समोरचा बोलत असला की त्याच्या डोळ्यांकडे नव्हे, दातांकडे बघायचे. चहा विसरायचे, आणि मग निवला म्हणून कुरकुरायचे. तपकिरी रंग आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचे, त्यामुळे ते नख कायम माती उकरल्यासारखं दिसायचं. राईतून घरी आल्यावरही बराच वेळ हळू आवाजात बोलायचे.

गल्लीत सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या घडवल्या. पांढऱ्याच्या सोळा छटा त्यांना अक्षरशः तोंडपाठ होत्या. सुट्टीच्या दिवशी मात्र ते कागद, शाईची बाटली आणि रंगांची डबी घेऊन गावाबाहेरच्या राईत जायचे. तिथे एका जुन्या झाडाच्या बेचक्यात एक वनघुबड दिवसभर झोपलेलं असे.

ते आधी झाड काढायचे. टाकाने सालीचे तडे, मग त्यावर पातळ तपकिरी पाणी. रंग ओल्या कागदावर आपल्या मर्जीने पसरायचा, आणि बघता बघता त्या सालीतूनच पिसं उमटायची. "खोड जमलं की घुबड आपणहून येऊन बसतं," ते म्हणायचे. शेवटी मिटलेल्या डोळ्यांच्या दोन तिरप्या रेघा. झालं.

त्यांच्याकडे राहणारी थोरली बहीण म्हणायची, "जन्मभर लोकांची तोंडं बघितलीस, आता घुबडाचं बघ. बरंय, ते कवळी टोचते म्हणून भांडायला तरी येत नाही."

मग मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना होता.

"बाबा, बाळाच्या खोलीसाठी एक घुबड द्या ना. पण जागं हवं हं. तुमची सगळी नुसती घोरत असतात."

"देतो की," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. न पाहिलेलं त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्यात वर्षाच्या सुरुवातीपासून उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, हे आता वाढतच जाणार. मागच्या महिन्यात दोन कवळ्या परत आल्या, तेव्हा त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. आताही नुसतं कॅलेंडरकडे बघितलं. बाळ यायला दोन महिने होते. हाताला किती उरले होते, कोण जाणे.

ते रोज राईत जाऊ लागले. संध्याकाळ उतरायची, झाडांच्या कडा विरघळायच्या, आणि नेमके ते कागदाकडे बघत असताना घुबड निघून जायचं. आवाज नाही, सावली नाही. बेचकं रिकामं. असे नऊ दिवस गेले. त्यांच्या स्वप्नातही घुबड यायचं, तेही पाठमोरं.

दहाव्या दिवशी ताई हट्टाने बरोबर आली. "बघू तरी, कुठली राजकन्या झोपलीय ती." दुपारची वेळ होती. ऊन पानांतून गाळून खाली येत होतं आणि सगळी राई पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. काका पेन्सिलीला टोक काढत होते. ताई थर्मासचं झाकण उघडत होती. अचानक तिला शिंक आली. साधी नव्हे, ताईची शिंक. गल्लीत त्या शिंकेने पाळण्यातली पोरं उठायची.

घुबडाने डोळे उघडले.

काळेभोर, ओले, मोठे. कसलीही घाई नसलेले. दोन्ही डोळ्यांत आभाळाचा एक एक कण. त्याने खाली या दोघांकडे बघितलं, इतका वेळ, की काकांच्या हातातली पेन्सिल गळून पडली. मग पापण्या सावकाश मिटल्या.

"ताई," ते कुजबुजले, "बघितलंस?"

"बघितलं. तुझ्यासाठी नाही हो उघडले. माझ्या शिंकेला मान दिला."

 परत येताना वाटेत भाजीवाली भेटली, ते तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काका, पैसे दिलेत हो तुम्ही काल. असं काय बघता?"

घरी येऊन त्यांनी झाड काढलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोऱ्या कागदावर आधी डोळे मांडले. हात थरथरत होता. त्यांनी कोणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा मनगटाखाली घेतला, त्यावर हात टेकवला, श्वास रोखला. तो आभाळाचा कण कोरा ठेवून त्याच्याभोवती काळा रंग फिरवला. दोन डोळ्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी चेहऱ्याची गोल पिसं. ताई जेवायला हाका मारून थकली.

"जरा बघ," त्यांनी तिला बोलावलं.

ती बघत राहिली. मग पदर सारखा करत म्हणाली, "अरे, हे तर माझ्याकडेच बघतंय."

"खोड उद्या," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या उजेडात."

सकाळी ताई चहा घेऊन गेली, तेव्हा ते टेबलाशी खुर्चीत होते, मान कलंडलेली. खांद्याला हात लावला तर अंग थंडगार. चहा तिने तिथेच ठेवला आणि शेजाऱ्यांना हाक मारायला गेली.

टेबलावर कागद होता. कागदाच्या मध्यावर उघडे डोळे, त्यांच्याभोवती चेहरा, आणि खाली, बाजूला, सगळीकडे पांढरं. घुबड कशावरच बसलेलं नव्हतं. शेजारच्या चिठोऱ्यावर तपकिरीचे पाच ठिपके होते. चौथ्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण. तोच रंग बशीत भरपूर कालवून ठेवलेला, कडेने सुकत आलेला. त्यात ब्रश अजून बुडाला नव्हता.